कोणाबरोबर राहतोस?

ऑफिसात त्याला सगळे टिपणीस म्हणत. आडनाव वेगळंच होतं, पण समोरचा बोलायला लागला की हा खिशातून वही काढून टिपून घ्यायचा, म्हणून ते नाव चिकटलं ते चिकटलंच. पंप बनवणाऱ्या एका कंपनीच्या निर्यात विभागात तो सहा वर्षं होता. कंपनीला स्पॅनिश बोलणाऱ्या देशांतून गिऱ्हाइकं मिळायला लागली, तसा वरून हुकूम आला: विभागातल्या चौघांनी दर शनिवारी सकाळी स्पॅनिशच्या वर्गाला जायचं. चौघांत टिपणीस होता आणि त्याचे साहेबही होते.

वर्ग एका ड्रायव्हिंग स्कूलच्या वरच्या मजल्यावर भरायचा. कंपनीचे चौघे आणि बाहेरची दहा-बारा माणसं. पहिले दोन शनिवार टिपणीसला काही झेपलं नाही. क्रियापदांचे शेवट त्याच्या डोक्यात राहीनात. मग तो घरी दाढी करताना, बूट पुसताना मोठ्याने घोकायचा. आब्लो, आब्लास, आब्ला. मी बोलतो, तू बोलतोस, तो बोलतो. चौथ्यावर हमखास अडायचा.

"आब्लामोस," आई शिवणाच्या मशीनवरून मान वर न करता सांगायची.

आईची शाळा सातवीत सुटलेली. बाजाराच्या कोपऱ्यावरच्या दुकानात ती कपडे दुरुस्त करायची. पँटची कंबर सैल कर, बाही आखूड कर, चेन बदल. उरलेलं काम घरी आणायची. दोन खोल्यांचं घर, आणि प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर परक्या माणसांच्या पँटी. दोन वर्षांपूर्वी ऑफिसातली मंडळी "तुझ्या घरी येऊ रे एकदा" म्हणून मागे लागली, तेव्हा टिपणीसच्या डोळ्यांसमोर त्या खुर्च्या आल्या. तो म्हणाला, "मी एकटाच राहतो. सगळा पसारा असतो." मंडळींनी नाद सोडला. त्याला हायसं वाटलं, आणि पुढे ते एकटेपण त्याने तसंच चालू ठेवलं.

तिसऱ्या शनिवारी वर्ग सुरू होऊन पाच मिनिटं झाली असतील, दार ढकलून आई आत आली. आपल्या मनाने नाव घालून आली होती, त्याला चकित करायचं म्हणून. दुकानातून तशीच निघालेली. मापाची टेप गळ्यात राहून गेली होती.

टिपणीसने तिच्याकडे पाहिलं, आणि खाली वहीत पाहिलं. बाजूला साहेब बसले होते. वहीत काही लिहिलेलं नव्हतं, तरी तो वाचत राहिला. आईचे पाय दारात जरासे थांबले. मग ती सावकाश मागे गेली आणि शेवटच्या बाकावर बसली.

मॅडमनी फळ्यावर तीन क्रियापदं लिहिली. आब्लार, कोमेर, बिबीर. बोलणं, खाणं, राहणं. "शेवटची दोन अक्षरं काढून टाकायची," त्या म्हणाल्या, "आणि कोण करतंय ते बघून नवीन शेवट जोडायचा. मी असले तर तिन्हीकडे ओ. आब्लो, कोमो, बिबो."

"म्हणजे खालचं उसवायचं आणि माणूस बघून नवीन पट्टी लावायची," मागून आवाज आला.

वर्ग हसला. मॅडम खूश झाल्या. "अगदी बरोबर. तुम्ही शिवणकाम करता का? मग कोसेर म्हणजे शिवणं. तेही कोमेरसारखंच चालतं. चालवून दाखवता?"

"कोसो, कोसेस, कोसे," आईने एका दमात सहाही रूपं म्हटली. टिपणीसला कोमेरची तीन येत होती.

साहेब मागे वळले. "बाई, तुम्ही कोपऱ्यावरच्या दुकानात असता का?"

"असते की. तुमच्या निळ्या पँटची कंबर मीच सैल केली. दोनदा."

आता सगळ्यात जास्त साहेबच हसले. टिपणीसचे कान तापले. आईने हे बोलायला नको होतं, असं त्याला वाटलं. तिने इथे यायलाच नको होतं, असंही वाटलं.

मग मॅडम एकेकाला प्रश्न विचारत निघाल्या. कोन किएन बिबेस? कोणाबरोबर राहतोस? साहेब म्हणाले, बायकोबरोबर. टिपणीसची पाळी आली. साहेब त्याच्याकडेच बघत होते.

"बिबो सोलो," टिपणीस म्हणाला. मी एकटा राहतो.

"मुय ब्येन, उत्तम," मॅडम म्हणाल्या आणि पुढे गेल्या. बाक एकेक करून मागे पडत गेले. शेवटी आईपाशी प्रश्न आला. टिपणीसची पाठ तिच्याकडे होती, आणि त्या पाठीवर तिची नजर त्याला लागत होती.

"बिबो सोलो," आई म्हणाली.

"तुम्ही बाई आहात ना, म्हणून सोला. पुन्हा म्हणा."

"बिबो सोला."

"छान. एकट्याच असता? मुलंबाळं?"

"मुलगा आहे. लांब असतो," आई म्हणाली.

वर्ग सुटल्यावर टिपणीस उगाचच साहेबांबरोबर चहाला थांबला. घरी पोचला तेव्हा त्याचं ताट वाढून झाकून ठेवलेलं होतं. आई मशीनवर होती. तिने ओरडावं, निदान रुसावं, याची वाट पाहत तो खाली मान घालून जेवत राहिला.

"साहेब चांगला आहे रे तुझा," ती म्हणाली. "पोट सुटलंय, तेवढंच." थोड्या वेळाने, "पुढच्या शनिवारपासून मी काही येत नाही. दुकानात शनिवारी गर्दी असते."

गर्दी असो की नसो, शनिवारी वर्गापुरती सुट्टी मिळावी म्हणून ती दोन आठवडे दुकानातल्या दुसऱ्या बाईचं काम ओढत होती, हे टिपणीसला आत्ता कळत होतं. काहीतरी बोलायला हवं होतं.

"बरं," तो म्हणाला. आणि त्याला हलकं वाटलं. पुढे आठवडाभर त्याला छळलं ते त्या हलकेपणाने. खोटं बोललो ते बोललो, पण ती येणार नाही म्हटल्यावर जीव सुटल्यासारखा झाला, हे त्याला स्वतःशी कबूल करवेना. घरात मोठ्याने घोकणं त्याने बंद केलं. चौथं रूप अडलं तर आता आईने सांगायला नको, म्हणून तो मनातल्या मनात म्हणायचा, आणि मनातल्या मनातही अडायचा.

पुढच्या शनिवारी मॅडमनी रिकाम्या बाकाकडे पाहिलं. "शिवणकामवाल्या बाई दिसत नाहीत?"

"हुशार होत्या," साहेब म्हणाले. "बिचारी एकटी राहते म्हणे. मुलगा असून नसल्यासारखा. काय मुलगे असतात एकेक."

"लाज वाटायला पाहिजे," कंपनीतला दुसरा एक जण म्हणाला.

टिपणीसने मान डोलावली. सवयीने, सगळ्यांबरोबर. मग आपण काय केलं हे त्याच्या लक्षात आलं, आणि मान तशीच अर्ध्यात राहिली.

"मुलगा मी आहे," तो म्हणाला.

कोणाला कळलं नाही. साहेबांनी विचारलं, "कुठला मुलगा?"

"त्या बाईंचा. ती माझी आई आहे. मी लांब नसतो. एकाच घरात राहतो आम्ही."

खाली कोणीतरी शिकाऊ माणूस गाडी सुरू करत होता, ती पुन्हा पुन्हा बंद पडत होती. मॅडमच्या हातातला खडू फळ्यावर टेकलेला राहिला. साहेब म्हणाले, "मग त्या दिवशी तू माझ्याशेजारी बसून…" आणि थांबले. टिपणीसला वाटलं, दोन शब्द सुनावतील. सुनावले असते तर बरं झालं असतं. साहेबांनी आपलं पुस्तक उघडलं आणि, तसं काही कारण नसताना, ते बाकावर थोडे सरकून बसले. टिपणीसपासून वीतभर लांब.

वर्ग सुटल्यावर तो थेट दुकानात गेला. आई एका कोटाचं अस्तर उसवत होती. दुकानातली दुसरी बाई समोरच होती, तरी त्याने सगळं सांगितलं.

आईचे हात थांबले. "सगळ्यांसमोर सांगितलंस?"

"हो."

"कशाला? तुझी लाज राहावी म्हणून मी तिथे खोटं बोलले. आता मी खोटारडी ठरले ना त्या बाईंपुढे? कुठल्या तोंडाने जाऊ मी?"

हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. खरं बोलतानाही त्याने आपल्यापुरतंच पाहिलं होतं.

"मी सांगेन मॅडमना," तो म्हणाला.

"तू आता काही सांगू नकोस," आई म्हणाली, आणि पुन्हा उसवायला लागली.

शेवटी मॅडमच एकदा पँट घेऊन दुकानात गेल्या. काय बोलल्या ते आईने सांगितलं नाही. पण त्यानंतरच्या शनिवारी ती वर्गात आली. साहेब उठून उभे राहिले आणि त्यांनी नमस्कार केला. ती शेवटच्या बाकावर बसली. टिपणीस पुढून उठून तिच्या शेजारी जाऊन बसला. ती म्हणाली, "तुझी जागा पुढे आहे." तो हलला नाही. तिनेही परत म्हटलं नाही.

वर्गातून घरी परतताना दोघं पहिल्यांदाच एकत्र निघाली. ती दोऱ्याची रिळं घ्यायला एका दुकानात थांबली, रंग उजेडात धरून पाहिले, दोन घेतली. बाहेर आल्यावर तिने विचारलं, "त्या दिवशी साहेब शेजारी होते म्हणून तुझ्या तोंडून गेलं ना ते? एकटा राहतो म्हणून?"

हो म्हटलं असतं तर तिथेच मिटलं असतं. तिचा चेहरा 'हो' ऐकायला तयार होता.

"नाही," टिपणीस म्हणाला. "दोन वर्षं झाली. ऑफिसात सगळ्यांना तसंच सांगितलं होतं."

आई चालत राहिली. रस्ता ओलांडायचा होता, तिथे तिने दोन्हीकडे पाहिलं. त्याचा हात धरला नाही, एरवी धरायची.

"दोन वर्षं," ती म्हणाली.

रस्ता ओलांडून ती पुढे निघाली. तोही तिच्या मागे, दोन पावलं अंतर ठेवून चालत राहिला.