भुईचाफ्याचं ऊन

सगुणाने सूप मांडीवर घेतलं, तुरीतला एक खडा वेचून बाजूला टाकला आणि बसल्या जागेवरून हातभर सरकली. दुपार कलली होती, पण उन्हाची तलखी कमी झाली नव्हती. ओसरीवर सावली रिकामी पडलेली असताना ही पोरगी अंगणात, तुळशीवृंदावनाच्या बाजूला, सूर्याकडे पाठ करून बसली होती. पदर डोक्यावरून पुढे ओढलेला होता आणि चोळी घामाने पाठीला चिकटली होती.

"अगं ए, वर ये," ओसरीवरून गोजरबाई म्हणाली. "तुरीतले खडे काय उन्हातच दिसतेत का?"

"आलेच, आत्याबाई," सगुणा म्हणाली आणि आली नाही.

'आलेच' म्हणून न येणारी माणसं गोजरबाईला बिलकुल खपत नसत. पण सून नवी होती. वैशाखात लग्न झालेलं, हळदीचा पिवळेपणा अजून नखांतून गेला नव्हता. शिवाय ती उलटून बोलत नव्हती, कामाला मागे सरत नव्हती. फक्त रोज दुपारी काहीतरी निवडायला, टिपायला, शिवायला घेऊन त्या एकाच जागी उन्हात जाऊन बसत होती. रुसलेलं माणूस कोपऱ्यात बसतं, हे गोजरबाईला ठाऊक होतं. उन्हात जाऊन रुसणं तिने या वयात पहिल्यांदाच पाहिलं.

"माहेर आठवत असल," थोरली सून पुष्पा चुलीपुढून म्हणाली. "पंचमी आली ना जवळ."

"मंग झाडाला म्हणावं जल्दी कर," गोजरबाई म्हणाली.

झाड म्हणजे सगुणाने माहेराहून आणलेला भुईचाफा. या घरात सुनेने येताना माहेरचं एक रोप आणायचं आणि सासूने ते हळदकुंकू वाहून अंगणात लावायचं, अशी रीत होती. रोपाला इथल्या मातीत नवं पान फुटलं की सून घराला धरली असं समजायचं. त्याआधी तिला न्यायला भाऊ मुराळी म्हणून आला तरी त्याने पाणी प्यायचं, जेवायचं आणि बहिणीला न घेता परत जायचं. गोजरबाईच्या सासूने हा नियम पाळला होता आणि गोजरबाई तर पाळायच्या बाबतीत तिच्या सासूलाही मागे टाकणारी. अंबडच्या तहसिलीत निजाम सरकारचा कागद एक वेळ बदलून मिळाला असता, तीर्थपुरीच्या शिवेवरच्या या घरात गोजरबाईचा शब्द बदलून मिळत नसे.

सगुणाच्या आईने धडप्यात बांधून दिलेल्या कंदातून आषाढाच्या तोंडी दोन पानं वर आली होती. वरून हिरवी, पोटाशी जांभळट.

"ही माहेरची पानं," गोजरबाईने तेव्हाच सांगून टाकलं होतं. "कंदात तिकडूनच भरून आल्ती. आमच्या मातीचं पान येऊ दे, मंग बघू."

ते पान काही येत नव्हतं. पावसाने दडी मारली, काळी जमीन भेगाळली आणि असलेल्या दोन पानांच्या कडाही तपकिरी पडून वळल्या. गोजरबाई सकाळ-संध्याकाळ तांब्याने पाणी घालत होती. जागा तर तिने सगळ्या अंगणात उत्तम निवडली होती, तुळशीच्या उजव्या हाताला, जिथे दिवसभर ऊन असतं. पुष्पाच्या वेळी ती जरा चुकली होती. पुष्पाने शेवंती आणली होती आणि उन्हाने करपेल म्हणून गोजरबाईने ती मायेने लिंबाच्या झाडाखाली लावली होती. तिथे ती नुसती लांबडी, पिवळी होत गेली आणि एक दिवस आडवी झाली. पहिल्या पंचमीला पुष्पाचा भाऊ आला तसा एकटा परत गेला. तो पुन्हा पंचमीला कधी आला नाही आणि पुष्पानेही कधी विषय काढला नाही. या खेपेला तसं होऊ नये म्हणून तर तुळशीचा शेजार दिला होता.

घरातलं पाणी संपलं तशी सगुणा घागर घेऊन विहिरीवर गेली. गोजरबाई ओसरीवरून उतरली. पोरीला त्या जागेत काय सापडतं ते एकदा पाहायचंच होतं. चहूकडे नजर टाकून, कोणी बघत नाही असं पाहून ती सगुणाच्या जागी, सगुणासारखीच, सूर्याकडे पाठ करून बसली.

तिथे काहीच नव्हतं. समोर भिंत, भिंतीला थापलेल्या गोवऱ्या. रस्ता दिसत नव्हता, की कोणी येतंय-जातंय ते कळत नव्हतं. पाठ मात्र भाजून निघत होती. गोजरबाई कंटाळून उठणार, तेवढ्यात तिची नजर खाली गेली. तिची सावली भुईचाफ्याच्या दोन्ही पानांवर बरोबर पडली होती. ती जराशी बाजूला झाली, तसं ऊन पानांवर आलं. ती परत जागेवर सरकली.

रोज दुपारी सुपासकट हातभर सरकणारी सगुणा तिच्या डोळ्यांपुढे आली. मग तिने मान वळवून लिंबाच्या झाडाकडे पाहिलं. त्याच्या बुडाशी, शेवंती लावली होती तिथे, आता काहीच नव्हतं.

सगुणा घागर घेऊन आली आणि दारातच थबकली.

"तुमच्याकडं हे कुठं येतं गं?" गोजरबाईने बसल्या जागेवरूनच विचारलं.

"डोंगरात, आत्याबाई. सागाखाली."

"उन्हात न्हाई?"

"सकाळचं कोवळं ऊन खपतं त्याला. मंग दिवसभर सागाच्या पानांतून गळून येतं तेवढंच."

"मंग मी लावून राह्यले होते तवा तोंड शिवलं होतं का तुझं?"

सगुणाने घागर खाली ठेवली. "तुम्ही तुळशीपाशी लावलं. हळदकुंकू वाहिलं. न्हाई कसं म्हणू?"

गोजरबाई लगेच कामाला लागली. हळदकुंकू वाहिलेलं रोप उपटून हलवणं म्हणजे सुनेलाच घरातून उपटणं, तेव्हा जागा बदलण्याचा प्रश्न नव्हता. तिने परसातून कोंबड्यांचं डालगं आणलं आणि भुईचाफ्यावर पालथं घातलं. वर दगड ठेवला. सगुणाला उन्हात बसायला सक्त मनाई झाली.

चार-दोन दिवसांनी सगुणा स्वतःहून बोलली. या घरात आल्यापासून पहिल्यांदाच.

"आत्याबाई, ती कोंबडी न्हाई."

"म्हंजी?"

"इतका अंधारही न्हाई चालत त्याला. बघा, फिकं पडून राह्यलंय."

चुलीपुढे पुष्पाला हसू आवरेना. गोजरबाईने डालगं उचललं, पानं पाहिली आणि आत गेली. बाहेर आली ती आपलं जुनं लुगडं घेऊन. धुऊन धुऊन इतकं विरलेलं, की पलीकडचा माणूस ओळखू यावा. तिने ते लिंबाच्या फांदीपासून भिंतीच्या खुंटीपर्यंत ताणून बांधलं. ऊन त्यातून गळून खाली येऊ लागलं. सगुणाने तळहात पानांवर धरून पाहिला, थोडा वर, थोडा खाली, आणि मान हलवली.

"एक बाजू जरा वर घ्या. सकाळचं ऊन येऊ द्या."

गोजरबाईने गाठ सोडून वर बांधली.

"तुळशीवर लुगड्याची सावली?" पुष्पाला राहवलं नाही. "मी एकदा इथं लुगडं वाळत घातलं तर दोन दिवस बोलणी खाल्ली."

"तुळशीवर कुठं? शेजारी पडून राह्यली ती," गोजरबाई म्हणाली. सावली चांगली वीतभर तुळशीवर होती आणि ती तिघींनाही दिसत होती.

पंचमी तोंडावर आली आणि सगुणाचा भाऊ मच्छिंद्र बैलगाडी घेऊन आला. भोकरदनच्या वरच्या अंगाच्या डोंगरातून मुक्काम करत आलेला, धुळीने पांढरा झालेला. सगुणाने त्याला पाय धुवायला पाणी दिलं. त्याने हळूच विचारलं, "तयारी झाली का?" तिने रिकामा तांब्या उचलला. सकाळीच ती लुगड्याखाली वाकून बघून आली होती.

पाहुण्याचं जेवण झालं, बायकांच्या भाकरी अजून व्हायच्या होत्या. आता विचारायचं कसं म्हणून मच्छिंद्र पागोटं हातात घेऊन नुसता बसून राहिला. गोजरबाई उठली आणि अंगणात गेली. सगुणा दारात आली, तिच्यामागे पिठाच्या हातांनी पुष्पा.

गोजरबाई खाली बसली. पानांचा फिकेपणा गेला होता, करपलेल्या कडा मात्र तशाच होत्या. तिसरं पान नव्हतं. तिने दोन पानांच्या मधली माती बोटाने हलकेच बाजूला केली. तिथेही काही नव्हतं. तिने माती परत सारखी केली.

"धरलंय," ती म्हणाली.

सगुणाने चौकट घट्ट पकडली. पुष्पा पुढे आली, वाकली आणि तिने नीट निरखून पाहिलं.

"पान कुठाय, आत्याबाई?"

"येईल मागून. ऊन बराबर झालं आता त्याचं. त्यापायी पोरीला कशाला अडकवायचं?"

पुष्पा सरळ उभी राहिली. "माझ्या वेळंला..." ती म्हणाली आणि पुढचं गिळलं. तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर गोजरबाईला सोपं गेलं असतं.

गोजरबाईने हाताची माती झटकली. पुष्पाकडे न बघता ती मच्छिंद्राला म्हणाली, "गाडी अंबडवरूनच जाणार ना रे?"

"जी, मावशी. अंबड, मंग जालना."

"आणखी एक माणूस ओढतेल का बैल?"

"ओढतेल की."

"मंग हिला अंबडच्या अलीकडं, हिच्या गावच्या वेशीपाशी उतरव. पंचमी करून येईल."

"मी?" पुष्पा म्हणाली. "मला कुठं मूळ आलंय? अन् घरच्या भाकरी कोण थापल?"

"मला काय हात न्हाईत का?"

"बोलावलं नसताना कशी जाऊ, आत्याबाई? आई काय म्हणल?"

गोजरबाईने आता तिच्याकडे पाहिलं.

"म्हणावं, सासूनं धाडलंय. लई उशिरा धाडलंय, पर धाडलंय."

पुष्पाने पीठ लागलेला हात तोंडाशी नेला. सगुणाने पुढे होऊन तिचा दुसरा हात धरला. आत तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला, तरी तिघींपैकी कोणीच जागची हलली नाही.