रोसांदाचा उजवा हात

मित्रांनो, निश शहरातल्या एका त्वचारोगाच्या दवाखान्यात, कपाटाच्या सर्वांत खालच्या कप्प्यात मी पडून आहे. रक्त मोजणारा एक जुना मापक. माझ्या पेटीतून केसाएवढी काचेची तार निघते. तिचे टोक त्वचेवर चिकटवले की मी आत तांबडा प्रकाश सोडत असे आणि रक्त किती जोराने धावते आहे ते आकड्यात सांगत असे. त्वचेला दाह झाला की तिथे रक्ताची झुंबड उडते, आग लागलेल्या घराकडे सारे गाव धावावे तशी. दाह ओसरला की आकडाही उतरतो.

मी घडलो कुठल्याशा थंड देशात, पण जगलो इथेच, डॉक्टर विदोसावांच्या हाताखाली. त्यांचा माझ्यावर भारी जीव. "माणसं थापा मारतील, हा नाही मारायचा," असे त्या सगळ्यांना सांगत. मीही फुगून बसे.

एका हिवाळ्यात गालिच्यांसाठी नावाजलेल्या पिरोत गावाहून रोसांदा आली. चाळीस वर्षे मागावर गालिचे विणलेली बाई. लोकर आणि रंग यांनी तिचे हात सोलून लालभडक झाले होते. विदोसावांनी मलम दिले, दर महिन्याला यायला सांगितले आणि बजावले, "वसंतापर्यंत आकडा उतरला नाही, तर माग कायमचा सोडायचा. तसा कागद मला लिहावाच लागेल."

मोजण्याआधी वीस मिनिटे शांत बसावे लागते. रोसांदाला ते कुठले जमायला!

"डॉक्टरीणबाई, मी वीस मिनिटं गप्प बसलेली सासूनं पाहिली असती, तर पाद्रीच बोलावला असता!"

तिचा उजवा हात उशीवर असे. ऊबदार, जड. बोटे मधूनच दोरा उचलल्यासारखी हलत आणि माझा आकडा उगाच उडी मारी. दुसऱ्या कोणाचे मी हे खपवून घेतले नसते. तिचा हात मात्र मला हवाहवासा वाटे. महिनाभर मी त्याची वाट पाही.

पण आकडा उतरेना. जानेवारीत चढला, फेब्रुवारीत आणखी चढला. मार्चमध्ये विदोसावा चष्मा पुसत म्हणाल्या, "डोळ्यांना तर बरं दिसतंय. पण हा थापा मारत नाही." आणि त्यांनी कागद पुढे ओढला.

रोसांदाने त्या कागदाकडे पाहिले. मग तिने निरोपाची भेट म्हणून पिशवीतून एक बाटली काढली.

"घ्या, घरची राकिया. आमच्याच आलुबुखारांची. अर्धीच उरलीय, रागावू नका. बाकीची माझे हात प्यायले."

"हात?"

"मग? मेंढराचा वास मारणारे हात तुमच्यापुढं ठेवू? दर वेळी दाराबाहेर चोळूनच आत येते. आकडा चढला म्हटल्यावर तर औषध म्हणून आणखी जोरात चोळले!"

विदोसावांनी कपाळावर हात मारला. "अगं बाई! दारूनं कातडीतलं रक्त उसळतं! मी अख्खा हिवाळा तुझी राकिया मोजत बसले!"

दवाखान्यातच स्पिरिटचा एवढा वास, की कोणाला शंका आली नव्हती. आणि मला डोळा आहे, नाक नाही. मी थाप मारली नव्हती, पण खरेही सांगितले नव्हते.

"म्हणजे माझंच हात दाखवून अवलक्षण!" रोसांदा म्हणाली आणि हसता हसता रडली.

त्या रात्री ती शहरातल्या भाचीकडे राहिली आणि दुसऱ्या दिवशी राकिया न चोळता कोरडे हात घेऊन आली. आकडा धाडकन खाली आला. विदोसावांनी तो कागद फाडला. रोसांदाने इथल्या रीतीप्रमाणे त्यांचे तीन मुके घेतले, एक माझ्या झाकणाचाही घेतला, आणि ती आपल्या मागाकडे गेली.

पुन्हा आली नाही. बरा झालेला हात दवाखान्यात कशाला येईल? तिच्यानंतर शेकडो हात मोजले, पण दार वाजले की मी तिच्याच हाताची वाट पाही. लाज वाटते, पण सांगतो: तिचा हात पुन्हा लाल व्हावा, असेही एकदा माझ्या मनात आले.

विदोसावा निवृत्त झाल्या. आता कॅमेऱ्यासारखे नवे यंत्र आले आहे. ते लांबूनच मोजते, हाताला शिवतसुद्धा नाही. मित्रांनो, तुम्ही कशानेही मोजा, पण आकड्यावर विश्वास टाकण्याआधी समोरच्या माणसाला दोन प्रश्न विचारा. आणि माझ्यासारखा कोणी जुना सापडला, तर त्याची तार जपून गुंडाळा, ती काचेची असते.

रोसांदा परत यायला नको, असे मी स्वतःला बजावतो. रोजच बजावावे लागते.