धाकटीची गोगलगाय

थोरलीचं उतरलेलं धाकटीनं वापरायचं, हा नियम त्या घरात कुणी केला नव्हता. तो पहिल्यापासून होताच. फ्रॉक, दप्तर, सायकल, गणिताची पुस्तकं (आतली गणितं आधीच सोडवून ठेवलेली), सगळं ताईचं होऊन मग तिच्याकडे यायचं. धाकटी कुरकुरे, पण लक्ष कोण देतो. तिच्या एकटीचं म्हणावं असं जगात एकच काहीतरी होतं. ती गोड्या पाण्यातली एक गोगलगाय होती.

बाबा गोगलगायींचे अभ्यासक. हयातभर शंख मोजत बसलेला माणूस. थोरली झाली त्या वर्षी त्यांना एक नवी जात सापडली, तिला त्यांनी थोरलीचं नाव दिलं. धाकटीच्या वेळी दुसरी सापडली, तिला धाकटीचं. थोरलीची उंच, सडपातळ, गुळगुळीत. धाकटीची बसकी, जाड कवचाची, टोकाशी झिजलेली. पाहुणे आधी शंखांकडे आणि मग मुलींकडे बघून म्हणत, "अगदी जशाच्या तशा उतरल्यात हो." धाकटीला त्याचं काही वाटत नसे. बसकी तर बसकी, पण कोरी होती.

पुढे ताई दातांची डॉक्टर होऊन दुसऱ्या गावी गेली आणि धाकटी संग्रहालयात, बाबांच्याच खोलीत, बाबांच्याच उतरलेल्या खुर्चीवर बसली. फरक एवढाच, की बाबा बाहेरून बघत आणि ही आतून. शंख म्हणजे घर. भिंतीवरून माणूस ओळखायला गेलं की पंचाईत होते. म्हणून ती गोगलगाय गरम पाण्यात बुडवून, चिमट्यानं हळूच फिरवत सबंध बाहेर काढी आणि सूक्ष्मदर्शकाखाली उघडून बघे. जिभेवरच्या दातांच्या ओळी, नराचं आखूड उजवं शिंग, मादीच्या पोटातल्या पिशवीत आपापल्या शंखासकट बसलेली पिल्लं. बोलणं कमी, म्हणून शेजारच्या खोलीतला फुलपाखरंवाला तिला "गोगलगाय नि पोटात पाय" म्हणून चिडवी. ती म्हणे, "पोटातच असतात. तुम्ही कधी उलटी करून बघितलीत का?"

सगळ्या खोऱ्यातल्या जाती नव्यानं तपासायचं काम तिच्याकडे आलं, तेव्हा तिनं स्वतःची शेवटी ठेवली. ठेवून काय उपयोग होता? दात सारखे निघाले. शिंग सारखं. नळ्या, पिशव्या, सगळं एकाच साच्यातलं. फरक होता तो कवचात, आणि कवचाचा काय भरवसा. वाहत्या पाण्यात दगडांवर घासून टोक झिजतं, प्रवाहात तग धरायला अंग बसकं होतं. हे ती विद्यार्थ्यांना स्वतःच शिकवत आली होती. तरी वेड्या आशेनं तिनं नदीतून आपल्या गोगलगायी आणल्या आणि काचेच्या टाकीत, संथ पाण्यात सोडल्या. त्या खरंच वेगळ्या असतील तर त्यांची पिल्लं इथंही बसकीच वाढतील. सकाळी खोली उघडली की ती आधी टाकीपाशी जाई आणि मनात म्हणे, वाढू नका गं बायांनो.

पिल्लं वाढली. उंच, सडपातळ, गुळगुळीत.

म्हणजे जात एकच. आणि एकाच जातीला चुकून दोन नावं पडली असतील तर आधीचं राहतं, नंतरचं जातं. शास्त्राचा नियम आहे, त्यात वशिला चालत नाही. आधीचं नाव थोरलीचं. धाकटीला प्रथम हसू आलं आणि मग चांगलंच रडू आलं. एवढं मोठं शास्त्र, पण तेही शेवटी त्यांच्याच घरचं निघालं.

संध्याकाळी तिनं बाबांना सांगितलं. त्यांना आता नीट दिसत नसे. दोन्ही शंख त्यांनी बोटांनी चाचपले.

"दात बघितलेस?"

"बघितले."

"पिल्लं वाढवलीस?"

"वाढवली. तुमच्या थोरलीवर गेलीत."

बाबा बराच वेळ झिजलेल्या टोकावरून अंगठा फिरवत राहिले. "मग लिही," ते म्हणाले. "चूक माझी आहे, तसंच लिही. आडपडदा नको."

"लिहिते. पण बाबा, माझ्या एकटीचं तेवढंच होतं."

त्यावर बाबांनी चहा झाला का म्हणून विचारलं. बोलता आलं नाही की ते चहाची चौकशी करत.

रात्री तिनं ताईला फोन केला. "तुझी राहिली, माझी गेली."

"काय गेली?"

"गोगलगाय."

ताईनं सगळं ऐकून घेतलं, दातांचा भाग तर दोनदा. आता ही म्हणणार, "मग माझी घे ना," अशी धाकटीची खात्री होती. फ्रॉकच्या वेळी ती असंच म्हणे.

"माझी कुठं सापडली होती, माहितीये ना?" ताईनं विचारलं.

"घरामागच्या डबक्यात."

"हो. बाबा तिथं हात धुवायला गेले होते. आणि तुझी? आई म्हणाली, थोरलीच्या नावाची आहे, धाकटीचं काय? तर हा माणूस पोहता येत नसताना कमरेइतक्या पाण्यात उतरला. एकदा नाही, रोज. मी काठावर त्यांच्या चपला राखत बसायचे. ते हातात एकेक घेऊन बघायचे आणि परत टाकायचे. मी म्हटलं, सापडली ना, चला आता. तर म्हणाले, ही नको, ही तुझ्यासारखीच आहे. तिला वेगळी पाहिजे."

धाकटीनं झिजलेल्या टोकाचा शंख मुठीत घेतला.

"माझ्यासाठी कुणी पाय ओले केले नव्हते," ताई म्हणाली. "तुझ्या त्या गोगलगायीचा मला इतका राग यायचा. गेली ते बरं झालं." मग म्हणाली, "फार वाईट वाटलं का गं?"

"आता नाही," धाकटी म्हणाली, आणि ते खरं होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं लेख लिहून काढला. ताईच्या नावाखाली, बारीक अक्षरात, रद्द झालेलं नाव म्हणून आपलं नाव घातलं. कुठं सापडली, या ठिकाणी लोक नदीचं नाव लिहून मोकळे होतात. तिनं पुढे लिहिलं: भर प्रवाहात, कमरेइतक्या पाण्यात, पोहता न येणाऱ्या माणसाला.

संपादकांनी शेवटचे चार शब्द काढून लेख परत पाठवला. तिनं ते पुन्हा घातले.