वखारीतला काटा दवाखान्यात

मित्रांनो, मी निपाणीच्या तंबाखूच्या वखारीतला जुना वजनकाटा. खाली लोखंडी फळी, वर पितळी दांडी आणि दांडीवर सरकणारा ठोकळा, एवढाच माझा संसार. वजनाच्या बाबतीत मी कुणाची भीडभाड ठेवत नाही. वखारीत माझ्यावर तंबाखूची गच्च भरलेली पोती चढत. एखादा लबाड गडी वजन वाढावं म्हणून तंबाखूवर पाणी मारून आणायचा. मी आपलं एकूण वजन दाखवायचो. त्यात पान किती आणि पाणी किती, हे सांगणं मला कधीच जमलं नाही. तरी लोक माझा शब्द प्रमाण मानत आणि मी फुशारून जायचो.

पुढे धंदा बसला. मी कोपऱ्यात पडलो. माझ्या अंगावर फाटकी गोणपाटं टाकली गेली आणि त्यांत उंदरांनी बिऱ्हाड केलं. फार वाईट वाटायचं.

मग वखारीचे मालक श्रेयांस शेठ यांच्या कानावर आलं, की गावातल्या डायलिसिस केंद्रातल्या काचेच्या काट्याला जड माणसं पेलत नाहीत. त्यांनी मला घासूनपुसून, तपासून, शिक्का मारून तिथं पाठवलं. तिथं येणाऱ्या माणसांची मूत्रपिंडं निकामी झालेली असतात, म्हणून पाणी अंगातच साठतं. यंत्र रक्त गाळतं आणि ते पाणी काढतं. किती काढायचं, हे माझ्या आकड्यावरून ठरतं. आकडा चुकला तर पाणी आत राहतं आणि श्वास कोंडतो.

चिकोडीकडची त्रिशला आक्का तिथं यायची. अंगानं स्थूल, बोलायला गोड. दिवस बुडायच्या आत अर्धी भाकरी खाऊन ताटावरून उठणारी बाई. सोबत धाकटी बहीण ब्राह्मी, अगदी काडी. सिस्टर रूपाली वजन मोठ्यानं वाचायची आणि बाकावरचं कुणीतरी म्हणायचं, "लई खाती वाटतं!" सगळे हसायचे. मला तेव्हा दांडी आपटावीशी वाटे.

मग आक्का एक युक्ती करू लागली. फळीवर चढली की तळहात हळूच शेजारच्या खिडकीच्या कट्ट्यावर दाबून धरायची. भार कट्ट्यावर जायचा आणि माझा आकडा उतरायचा. लोक म्हणत, "आक्का बारीक झाली की!" मला ओरडून सांगावंसं वाटे, पण मला तोंड कुठलं? यंत्र पाणी कमी काढू लागलं. आक्काचे पाय सुजले, धाप लागू लागली. एका सकाळी ती फळीवर चढली आणि मटकन खालीच बसली.

रूपालीनं तिचे पाय चाचपले. "आक्का, वजन तर उतरलंय, मग ही सूज कसली?"

आक्काला रडू फुटलं. "मी हात टेकीत हुते गं कट्ट्यावर. आकडा ऐकून सगळी हसत्यात. खाऊन न्हाय गं फुगले मी!"

रूपालीचा चेहरा उतरला.

बेळगावहून आलेल्या डॉक्टरीणबाईंनी आक्काला लगेच प्राणवायू लावून यंत्रावर घेतलं. धाप थोडी कमी झाल्यावर त्या तिच्या खाटेशी बसल्या. "आईबापाकडून नाकडोळे येतात ना, तसे जनुकांतले बारीक फरकही येतात. एकाच चुलीवरची भाकरी एकीच्या अंगी जास्त लागते, दुसरीच्या कमी. त्यात तुमचा काय गुन्हा? पथ्य पाळायचंच, पण चरबीचं आपण सावकाश बघू. मला आधी पाणी काढायचंय. त्यासाठी खरं वजन हवं."

"व्हय, आमची आई बी अशीच हुती," ब्राह्मी डोळे पुसत म्हणाली. "मी आप्पांवर गेल्ये."

पुढच्या खेपेला रूपालीनं मला पडद्याआड ठेवलं. आक्का चढली. तिचा हात सवयीनं उचलला गेला, क्षणभर थांबला आणि खाली आला. त्या दिवशी तिचा आकडा आजवरचा सर्वांत मोठा होता. रूपालीनं तो ओठातल्या ओठात वाचला. दोन-तीन खेपांत साठलेलं पाणी उतरलं. आता आक्का केंद्राच्या पायऱ्या न बसता चढते आणि परतीच्या बसमध्ये खिडकीच्या जागेवरून ब्राह्मीशी भांडते. ते ऐकलं की मला लई आनंद होतो.

मित्रांनो, मला अधूनमधून तेल द्या, माझ्या फळीवरची धूळ पुसा. पण त्याहून मोठं मागणं हे, की माझ्यावर उभ्या राहिलेल्या माणसाला हसू नका. वजन सांगणं हे माझं काम आहे. माणसाला नावं ठेवण्याचं काम मला कुणी दिलेलं नाही, आणि तुम्हालाही नाही.