तिसरी किल्ली
आमच्या घरात प्रत्येक कुलपाला तीन किल्ल्या असतात. दोन कंपनी देते, तिसरी बाबा करतात. बाबा किल्लीवाले. मीही किल्लीवालीच, दुकानात त्यांच्या शेजारच्या स्टुलावर बसून गेली सोळा वर्षं कानस चालवतेय. गिऱ्हाइकाची किल्ली ते चुकूनही जास्तीची करणार नाहीत, त्या बाबतीत माणूस सोन्यासारखा. तिसरी किल्ली फक्त घरच्यांसाठी. माझी शाळेची पेटी, कॉलेजचं कपाट, स्कूटर, सगळ्यांच्या किल्ल्या त्यांच्या कमरेच्या जुडग्यात. "हरवली तर?" असं त्यांचं म्हणणं. माझी आजवर एकही किल्ली हरवलेली नाही.

माझ्या खोलीला तर कुलूपच नव्हतं. चौदाव्या वर्षी मी एकदा आतून कडी लावली, तर त्यांनी स्क्रूड्रायव्हर आणून कडीच काढून टाकली. "घरात कडी कशाला? काय लपवायचंय?" दाराला चार भोकं राहिली. तेव्हापासून कपडे बदलायचे असले की मी दाराला पाठ लावून उभी राहायचे. वीस वर्षं! या गोष्टीचा मला अजून राग येतो आणि तो यावाच.

म्हणून चौतिसाव्या वर्षी मी खोली घेतली. दोन गल्ल्या सोडून, एका शिंप्याच्या दुकानावरची. जेवताना सांगितलं तेव्हा आईचा घास हातातच राहिला.

"इथे काय जागा कमी पडते का?"

"जागा नाही. दार कमी पडतं."

"लग्न कर आणि जा," बाबा म्हणाले. "उद्या जा. वाजतगाजत पाठवतो."

"म्हणजे तिसरी किल्ली जावयाच्या घराची."

"उचलली जीभ, लावली टाळ्याला! जाऊ दे गं हिला. चार दिवसांत नाक मुठीत धरून परत येईल."

मी गेले. कुलूप मुद्दाम दुसऱ्या दुकानातून आणलं आणि स्वतः दारात बसवलं. पाच खाचांची किल्ली, चांगल्यापैकी अवघड. पण अक्कल गहाण ठेवायची ती मी ठेवलीच. आमच्या दुकानाचा नियम असा, की आत शिरल्या शिरल्या आपल्या खिशातल्या किल्ल्या काउंटरवरच्या ताटलीत टाकायच्या, म्हणजे गिऱ्हाइकांच्या किल्ल्यांत मिसळत नाहीत. सोळा वर्षांची सवय. पहिल्याच सकाळी मी नवी किल्ली ताटलीत टाकली आणि हाताचं ग्रीस धुवायला मागे गेले. बाबांना किल्ली वाचायला दोन मिनिटंही लागत नाहीत. एकदा बघितली की खाचा पाठ.

तिसऱ्या आठवड्यात त्यांनी मला गावाच्या पार दुसऱ्या टोकाला पाठवलं. एका शाळेचं कपाट अडकलंय म्हणे. तिथल्या बाईंनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "आमचं कपाट उघडंच आहे. आम्ही कुणालाही बोलावलं नाही."

मी दुकानात न जाता थेट खोलीवर आले. कुलूप उघडून दार ढकललं, तर आवाज आला नाही. ते दार पहिल्या दिवसापासून करकरत होतं आणि मला ते आवडायचं, माझं असल्यासारखं. आता बिजागऱ्यांना तेल होतं. आत टेबलावरची पत्रं नीट रचून ठेवलेली, मोठी खाली, छोटी वर. दुकानात ते पावत्या रचतात तशी. मला शिसारी आली. घरचा माणूस आपल्या वस्तूंना हात लावून गेला म्हणून शिसारी यावी, याचं आणखी वाईट वाटलं.

मी तशीच घरी गेले. बाबा चहा पीत होते.

"माझ्या खोलीवर गेला होतात?"

"बिजागऱ्यांना तेल नव्हतं. किल्लीवालीच्या दाराची ही तऱ्हा? लोक हसतील."

"आत कसे गेलात ते विचारतेय."

"दारातून. खिडकीतून जायचं माझं वय आहे का?"

चोर तो चोर, वर शिरजोर. आई स्वयंपाकघरातून आली. "अगं, बाप आहे तो तुझा. चोर आहे का?"

"चोर परवडला, आई. चोर निदान एकदाच येतो."

बाबांनी कप खाली ठेवला. "कुलूप बदल हवं तर," ते शांतपणे म्हणाले. "शंभर बदल. मी कोण आहे माहीत आहे ना?"

माहीत होतं. म्हणून मी कुलूप बदललंच नाही. बाजारातून एक साधी लोखंडी कडी आणली आणि चार स्क्रू मारून दाराच्या आतल्या बाजूला बसवली. कडीला किल्ली नसते.

रविवारी दुपारी मी जेवत होते. कुलपात किल्ली फिरली. सफाईदार, एका झटक्यात. दार जागचं हललं नाही. किल्ली पुन्हा फिरली, उलटी, मग सुलटी. मग खांद्याचा धक्का. मी घास चावत राहिले.

"अडकलंय," बाहेरून आवाज आला.

"अडकलेलं नाही. कडी आहे."

"काढ."

"आधी दार वाजवा."

"पोटच्या पोरीचं दार वाजवू?"

"हो."

"काय लपवायचंय?"

"काहीच नाही, बाबा. तरी वाजवा."

मी उठून दाराशी गेले. कडीवर हात ठेवला होता, हे खरं सांगते. एक टकटक, नुसती एक, आणि मी दार उघडून त्यांना ताट वाढलं असतं. बाहेर त्यांचा श्वास ऐकू येत होता. मग कट्कन आवाज झाला आणि पावलं जिना उतरून गेली.

दार उघडलं तेव्हा कळलं. किल्ली कुलपात घालून मोडली होती. आयुष्यात त्यांच्या हातून एकही किल्ली मोडल्याचं मी पाहिलेलं नाही. ही चुकून मोडली नव्हती. आता ही कुलूप घेऊन रडत दुकानात येईल, असा त्यांचा हिशेब.

तुकडा मी चार मिनिटांत काढला.

सोमवारी नऊला दुकानाचं शटर अर्धं वर होतं. एरवी मी वाकून आत शिरते. त्या दिवशी बाहेर उभं राहून शटरवर तीनदा वाजवलं.

बाबांनी वाकून पाहिलं. "आपल्याच दुकानाला वाजवतेस?"

"येऊ का आत?"

मी थांबले. शेवटी त्यांनी शटर पूर्ण वर केलं. मी आत गेले आणि ताटलीत किल्ल्या ठेवल्या. "ही घराची. ही दुकानाची. आणि ही तिसरी."

त्यांनी मोडका तुकडा उचलून उजेडात धरला. "काढलास कशानं?"

"तुम्ही शिकवलं तसाच."

"आणि आता घरी कशी येणार?" त्यांचा आवाज चिरका झाला होता. "किल्ली नसताना?"

"वाजवून," मी म्हटलं, आणि स्टुलावर बसून कानस हातात घेतली.