दुसरा ओलांडून गेला तो

बायबल-अभ्यास ड्रायव्हिंग स्कूलच्या खोलीत भरायचा, कारण चालवणारे मास्तर त्या स्कूलचेच मालक. "बसून कुणाला गाडी आलीय का?" हा त्यांचा लाडका सवाल. त्यामुळे तिथं येशूनं सांगितलेला दाखला, म्हणजे बोधकथा, नुसता वाचत नसत, करून बघत. हरवलेल्या मेंढराच्या वेळी मेंढरं झालेले दोघं टेबलाखाली राहिले ते राहिलेच.

आज दयाळू शोमरोन्याची पाळी: वाटेत पडलेल्या जखमीला याजक आणि लेवी, दोघं देवळाचे सेवक, टाळून जातात आणि परक्या जातीचा शोमरोनी उचलून नेतो, तो दाखला. फरशीवर खडूनं यरुशलेम ते यरीहो रस्ता आखला होता. त्यावर लुटून टाकलेला जखमी म्हणून, अभ्यासाला येणाऱ्या शिंप्याचा साडू पडला होता. साडू प्लंबर, नाटकी म्हणून प्रसिद्ध. स्वतःच्या लग्नात घेरी येऊन पडला होता आणि एक डोळा उघडून कोण कोण धावतंय ते पाहत होता. शिंप्याला तेव्हापासून तो डोळा डोक्यात जायचा.

"आई गं," साडू कण्हला. "छातीत... खरंच..."

"वा!" मास्तर म्हणाले. "याजक, निघा."

याजक म्हणजे दंतवैद्य. तो वाकला, घामेजलेला चेहरा पाहिला, "मेकअप झकास" म्हणाला आणि पलीकडून गेला. दातांच्या खालचा भाग तसाही त्याच्या हद्दीबाहेरचा.

"आता लेवी."

शिंपी उठला. साडूचे ओठ पांढरे पडले होते. मुठीत शर्ट आवळला होता; शिंप्यानंच शिवलेला.

"भाऊ," साडू पुटपुटला.

'अती करतोय लेकाचा,' असं मनात म्हणत शिंपी पाय उचलून ओलांडून गेला. लेव्यानं थांबायचं नव्हतंच.

"उत्तम! शोमरोनी?"

शोमरोनी आलाच नव्हता. बेकरीवाल्याला ते काम दिलं होतं, आणि त्याची भट्टी बिघडली होती.

"मग पुढच्या वेळी पूर्ण करू," मास्तर म्हणाले. "प्रार्थनेनं संपवू."

सगळ्यांनी डोळे मिटले. शिंप्यानं एक उघडाच ठेवला. साडू केव्हा चोरून बघतो ते पकडायचं होतं त्याला. बघ की मेल्या. बघ ना. साडूचे दोन्ही डोळे मिटलेलेच राहिले.

शिंपी उठला तशी खुर्ची आडवी झाली.

"लेवी परत येत नाही हो," मास्तर डोळे न उघडता म्हणाले.

"खड्ड्यात गेला तुमचा लेवी! गाडी काढा!"

शिकाऊ गाडीतून नेलं. मास्तरांनी जन्मात पहिल्यांदा सिग्नल तोडला. मागच्या सीटवर साडूचं डोकं मांडीवर घेऊन शिंपी बडबडत होता, "साडूभाऊ, एक डोळा उघडा. एकच. मी काही म्हणणार नाही."

हॉस्पिटलात साडूला आत घेतलं आणि दार बंद झालं. साडूची बायको, शिंप्याची मेहुणी, धापा टाकत आली.

"भावोजी, काय झालं? किती वेळ पडून होते हे?"

मास्तरांनी चप्पल पाहिली. दंतवैद्यानं छताकडे पाहिलं.

"दोघं जण ओलांडून गेले, तेवढा वेळ," शिंपी म्हणाला.

"कोण दोघं? माणसं होती का कोण?"

"दुसरा मी होतो, ताई."

पहिला कोण, हे तिनं विचारलं नाही. दंतवैद्य तरीही उठून उभा राहिला. मेहुणी दाराकडे धावली. बंद दाराच्या काचेतून आत काही दिसत नव्हतं, फक्त साडूची छाती दाबणाऱ्या कुणाचीतरी पाठ जोरजोरात वरखाली होत होती.