चकचकीत फरशी

साहेब यायला पंचवीस मिनिटं उरली होती, आणि साठच्या साठ यंत्रं भिंतीला नाक लावून उभी होती. वर्गात शिक्षा झालेल्या पोरांसारखी.

संशोधक बाई एकेकाला उचलून उलटसुलट बघत होत्या. सात वर्षं त्यांनी मुंग्यांच्या मागे मागे फिरून काढली होती, आणि त्या शिकवणीतून डबीएवढी, डोक्यावर दिवा असलेली ही यंत्रं जन्माला घातली होती. त्यांना कुणी मुकादम नाही. प्रत्येकाने शेजाऱ्यांचे दिवे बघायचे, गर्दी दिसली की मोकळ्या जागेकडे वळायचं, ऊब लागली की दिवा लुकलुकवून बाकीच्यांना हाक मारायची. एवढ्याशा अकलेवर आग लागलेल्या इमारतीत अडकलेला माणूस शोधायचा. यंत्रं दलात घ्यायची की नाही, ते अग्निशमन दलाचे प्रमुख आज ठरवणार होते.

अडकलेला माणूस म्हणून टेबलाखाली गरम पाण्याची पिशवी घोंगडीत गुंडाळून ठेवली होती. तिच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नव्हतं.

“कालपर्यंत शहाण्यासारखी वागत होती हो!” बाई रडकुंडीला आल्या.

“नजर लागली असेल,” सफाईवाल्या मावशी दारातून म्हणाल्या.

“मावशी, तुम्ही पण ना!”

“मग तुम्ही शोधा. शिकलेल्या तुम्ही.”

बाईंनी तारा तपासल्या, कालचा प्रोग्राम पुन्हा चढवला. यंत्रं निघाली, अडखळली, परत भिंतीपाशी. शेवटी बाई यंत्राच्या उंचीवरून बघायला फरशीवर आडव्या झाल्या, गाल टेकवला. समोर त्यांचाच घाबराघुबरा चेहरा दिसला, वरच्या दिव्यासकट.

“मावशी, फरशीला काय लावलंत?”

“पॉलिश. तुम्हीच नाही का म्हणालात, पाहुणे येणारेत, आरशासारखी करा म्हणून?”

म्हणाल्या होत्या खऱ्या. काल तीनदा. एकेका दिव्याचे फरशीत दोन दिवे झाले होते. बिचाऱ्यांना जिकडे बघावं तिकडे जत्रा दिसत होती, म्हणून ती कडेकडेने पळत होती.

“घासून काढू?”

“वेळ नाही हो.”

मावशी गेल्या आणि खडूच्या भुकटीचं डबडं घेऊन आल्या. जी फरशी काल गुडघे टेकून चमकवली, तिच्यावर त्यांनी स्वतःच्या हाताने पांढरी धूळ पसरली. “माझी मेहनत गेली मातीत,” म्हणत पसरली, पण कोपरेसुद्धा सोडले नाहीत.

साहेब आले. यंत्रं सुटली, पांगली. चौथ्या मिनिटाला एकाने घोंगडी गाठली आणि बघता बघता तिच्याभोवती दिव्यांचं कोंडाळं झालं.

“वा!” साहेब म्हणाले. “आम्ही धुरात चाचपडत बसतो, आणि ही पिल्लं बघा! कुठे सही करू?”

बाईंनी कागद पुढे केला, पण हातातून सोडवेना.

“साहेब, आग विझवल्यावर आतली फरशी कशी असते हो?”

“कशी म्हणजे? पाणीच पाणी. घोट्यापर्यंत.”

बाईंनी टेबलाखाली बघितलं. अजून दोन मिनिटं गप्प बसलं, की झालं. पण घोंगडीतली पिशवी आता त्यांना नुसती पिशवी वाटेना.

“मावशी, ओलं फडकं मारा.”

“आत्ता?” मावशींनी डोळे मोठे केले. “ताई, बाहेर या जरा.”

“मारा हो.”

मावशींनी भुकटी पुसली. ओली फरशी लखलखली. यंत्रं सोडली, आणि एकेक करून सगळी भिंतीला जाऊन चिकटली. घोंगडी एकटी पडली.

साहेबांनी पेनाचं टोपण लावून पेन खिशात ठेवलं.

“हे मला कळलं नसतं.”

“आगीत कळलं असतं.”

“किती दिवस लागतील?”

“माहीत नाही. सहा महिने. कदाचित नाहीच जमणार.”

“आमच्या सरावाच्या हॉलमध्ये कायम पाणी साचलेलं असतं,” साहेब टोपी घालत म्हणाले. “सोमवारी ही पिल्लं घेऊन या. सहीचं नंतर बघू.”

ते गेल्यावर बाई खुर्चीत मटकन बसल्या.

मावशींनी भिंतीपाशी अडकलेलं एक यंत्र उचललं, पदराने पुसलं आणि बाईंच्या मांडीवर ठेवलं.

“सोमवारी मी पण येते,” त्या म्हणाल्या. “तिथली फरशी कोण पुसतं, बघायला हवं.”